पाण्यात उतरलेले नगर

हॉलंडमधील डेल्फ्ट नगरात १६५४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात बंदुकीच्या दारूच्या कोठाराचा भयंकर स्फोट झाला. नगराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. कारेल फाब्रिसियस हा गुणी तरुण चित्रकारही त्यात मृत्यू पावला. याच नगरात जन्मलेला योहानेस व्हर्मियर तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. पुढे सहा-सात वर्षांनी त्याने आपल्या गावाचे चित्र रंगविले. त्यात पडझडीची एक खूणही दिसत नाही.

अलीकडे नदीचा वाळूमय काठ, त्यावर उभी असलेली चार-सहा माणसे. मध्ये रुंद, शांत पाणी. पलीकडे तट, वेशी, कौलारू छपरे. अर्ध्याहून अधिक चित्र मात्र आकाशाचेच आहे. त्यात वरच्या बाजूस एक काळसर ढग आहे, आणि चित्राची सारी किमया त्या ढगात आहे. दूरचे दृश्य दाखविताना चित्रकार बहुधा रंग फिकट करीत नेतात. व्हर्मियरने निराळीच युक्ती योजिली. पाण्यालगतच्या वेशी त्याने ढगाच्या छायेत ठेविल्या आणि त्यांच्या मागील घरांवर कोवळे ऊन पाडले. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी काठावर रेंगाळत नाही. ती तट ओलांडून थेट नव्या चर्चच्या उजळलेल्या मनोऱ्यापाशी पोहोचते. डच स्वातंत्र्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची समाधी त्याच चर्चमध्ये आहे.

पाण्यातील प्रतिबिंबे तर वारंवार पाहावीत अशी आहेत. त्यांच्या कडा पुसट आहेत, रंग मूळ वास्तूंहून मंद आहेत. चित्राची शास्त्रीय तपासणी केली तेव्हा असे आढळले की, उजवीकडील वेशीच्या जोडबुरुजांची प्रतिबिंबे त्याने आधी आखूड काढली होती. मागाहून ती लांबवून अलीकडे आणली. डोळ्यांना दिसले तेवढेच उतरवून तो थांबला नाही. पलीकडचे नगर आणि अलीकडचा काठ यांना जोडणारे काहीतरी त्याला हवे होते. काठावर काढलेला एक पुरुषही त्याने पुन्हा पुसून टाकला. पुसण्यालाही धैर्य लागते!

१८२२ सालापासून हे चित्र हेग येथील मौरित्सहाउस संग्रहालयाचे आहे. चित्रातील दोन्ही वेशी एकोणिसाव्या शतकात पाडण्यात आल्या. चित्रातील वेशीवरच्या घड्याळात मात्र सकाळची वेळ आहे.