चाकूरमध्ये प्रवाळ पाळायचे तर

समुद्रापासून इतक्या लांब प्रवाळ जगतात का, असे मला बरेच जण विचारतात. जगतात. पण त्यांच्या जिवावर उठणाऱ्या गोष्टी इथे घरोघरी आहेत: बोअरचे जड पाणी, मे महिन्याचे ऊन आणि केव्हाही जाणारी वीज. प्रवाळ हा शोभेचा दगड नाही, जिवंत प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसते. पाणी फार तापले की ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरा पडतो आणि उपासमारीने मरतो.

एका मे महिन्यात वळवाच्या वादळात आमच्याकडची वीज संध्याकाळीच गेली. इन्व्हर्टरने मध्यरात्रीपर्यंत तग धरला, मग टाकीचे पंप थांबले. पहाटे टॉर्च लावून पाहिले तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. लेदर कोरल या मऊ प्रवाळाने सगळे तंतू आत ओढून घेतले होते आणि त्याच्या अंगावर बुळबुळीत थर चढला होता. कोपऱ्यातला एक प्रवाळ विरघळून पाणी दुधाळ झाले होते, सडका वास सुटला होता. तो लगेच बाहेर काढला, तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने टाकीतले निम्मे पाणी बदलले, म्हणून बाकीचे वाचले. मेलेला प्रवाळ टाकीत राहिला की अमोनिया वाढतो आणि एकामागून एक सगळे जातात.

म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रवाळाच्या आधी घ्या. वीज गेली की उजेडाविना प्रवाळ एक-दोन दिवस काढतो, पण हलत्या पाण्याविना आणि प्राणवायूविना नाही. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात. मात्र त्याने पाणी झपाट्याने आटते. आटते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते. त्यामुळे भर घालताना खारे नव्हे, शुद्ध गोडे पाणीच रोज घाला. खारेपणा दर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास राहिला पाहिजे, तो रिफ्रॅक्टोमीटरने मोजा.

बोअरचे पाणी थेट वापरू नका. घरच्या आरओतूनही थोडे क्षार सुटतात, म्हणून पुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणा. आरओ जेवढे पाणी देतो त्याहून जास्त बाहेर टाकतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या आपल्या जिल्ह्यात हे टाकाऊ पाणी गटारात सोडणे शोभत नाही. फरशी, संडास, गाडी धुण्याला ते चालते. टाकीतून काढलेले खारे पाणी मात्र झाडांना किंवा शेतात कधीच घालू नका. आपल्या काळ्या मातीत मीठ साठले की जमीन वर्षानुवर्षे सुधारत नाही.

खरेदीआधी कायदा पाहा. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखा यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. गुन्हा सिद्ध झाला तर ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. मलाही एका विक्रेत्याने ‘सगळेच घेतात’ म्हणत दगडी प्रवाळ पुढे केला होता. असा माणूस भेटला की तिथून निघा. मऊ प्रवाळ घेतानाही तो कुठून आला ते विचारा आणि पक्के बिल घ्या.

झोअँथिड या रंगीत प्रवाळाच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जबर विष असते. हातमोजे आणि चष्म्याशिवाय तो कापू नका आणि ज्या दगडावर तो चिकटला आहे तो उकळू नका. वाफेतूनही विषबाधा होते. मुलांचे हात टाकीत जाऊ देऊ नका.

नवी टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे प्राण्यांविना चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय जीव सोडू नका. एवढे पाणी, वीज आणि रोजचा वेळ देणे जमत नसेल तर टाकीचा नाद सोडा आणि मालवणला जा. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. जाणत्या माणसासोबत पाण्यात उतरा, प्रवाळांवर पाय ठेवू नका, तुकडा घरी आणू नका. प्रवाळावर माया असलेल्याला तेवढे पाहणेही पुरते.