दोन मापांतलं लहान माप

राळेगावचा नकाशा समोर धरला की आमच्या धंद्यातली अडचण लगेच दिसते. एका बाजूला वडकीवरून नागपूर-हैदराबादचा ४४ नंबरचा महामार्ग जातो. दुसऱ्या बाजूला कळंबवरून नागपूर-तुळजापूर महामार्ग. दोन्हीकडे चौपदरी, मधोमध आमचं गाव, आणि दोन्हींना जोडणारा रस्ता गावाच्या पोटातून. जिनिंगच्या रुईगाठी, सरकी, ढेप, खत, सिमेंट, वणीकडचा कोळसा, सगळं कधी ना कधी या मधल्या रस्त्यांवर उतरतं. महामार्गावर ट्रेलर चालवणं फारसं कठीण नाही. ड्रायव्हरची खरी परीक्षा महामार्ग सोडल्यावर सुरू होते.

मी आधी दहाचाकी चालवली, मग ट्रेलर. आता स्टिअरिंग सोडलंय, पण नवी पोरं ढाब्यावर भेटली की विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो. सगळ्याचं सार एकच. एक माप कायद्यानं दिलेलं असतं, दुसरं रस्ता देतो. त्यातलं जे लहान, ते आपलं.

१. काटा झाल्याशिवाय गेटबाहेर निघू नका.

रुईची गाठ साधारण १७० किलोची. दहाचाकीवर शंभर गाठी चढल्या तरी माल १७ टनच होतो, म्हणून गाठींचा ड्रायव्हर निवांत असतो. घात होतो सरकीत, सिमेंटमध्ये आणि कोळशात. हौदा अर्धा रिकामा दिसतो, शेठ म्हणतो “अजून बसते ना बाप्पा, जागा आहे!” जागा असतेच. पण एक्सलला जागा कळत नाही, त्याला वजन कळतं.

२०१८ च्या जुलैत केंद्रानं एक्सलची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एकेरी एक्सलला १०.२ टन होते ते ११.५ झाले, जोड एक्सलला १९ चे २१, आणि सगळ्यात मोठ्या ट्रेलरला एकूण ४९ चे ५५. मालकांनी पेढे वाटले. आमच्याकडच्या मोऱ्या मात्र होत्या तिथेच, तशाच राहिल्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात एक मोठी चाचणी झाली होती. मुद्दाम रस्ते बांधले, त्यावर दिवसरात्र ट्रक फिरवले आणि रस्ता कसा खचतो ते मोजलं. त्यातून निघालेला हिशेब आजही रस्त्याचे इंजिनिअर वापरतात. एक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. त्याच हिशेबानं १०.२ चे ११.५ केले की झीज दीडपटीच्या वर जाते. आणि हे कायदेशीर वजनाचं झालं! ओव्हरलोडचं गणित ज्यानं त्यानं करावं, आणि मग रस्त्यातल्या खड्ड्याला शिव्या द्याव्यात.

दंडही आता पूर्वीसारखा चहापाण्याचा राहिलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नाही. काट्यावर चढायला नकार दिला तर ४० हजार. एकूण वजन बसलं म्हणूनही खूश होऊ नका. माल मागे ढकलून भरला असेल तर पुढचं चाक हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. हमाल भरत असताना ड्रायव्हरनं चहाला जाऊ नये, फाळक्याशी उभं राहावं.

२. साडेपाच मीटरचा हिशेब तोंडपाठ ठेवा.

कायद्यानं गाडी जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद. आमच्याकडचे कित्येक रस्ते साडेपाच मीटर डांबराचे, आतले तर पावणेचारचे. साडेपाचवर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की ५.२ मीटर गाड्यांनीच खाल्ले. उरले ३० सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं जास्त. त्यात दोन्हीकडचे आरसे, मधली फट आणि दोन्ही काठ बसवायचे. हे गणित ६० च्या वेगात सुटत नाही. महामार्ग सोडून इतर रस्त्यांवर मालगाडीला कायद्यानं ६० पर्यंत परवानगी आहे. रस्त्याचं माप विचाराल तर ४०, शाळेपुढे २०, आणि कळंबला चिंतामणी गणपतीच्या चतुर्थीला पायाचं माप.

समोरून मोठी गाडी दिसली की डिपर देऊन “मी येतोय” सांगण्यात शहाणपण नाही. जिथे साइडपट्टी भक्कम आहे तिथे ज्याची गाडी आधी येईल त्यानं थांबायचं. यात लहान-मोठं काही नसतं. भरलेल्या गाडीला रिकाम्यानं वाट द्यावी, हा आमच्यातला जुना रिवाज मला कायद्याइतकाच पटतो.

३. काळ्या मातीवर विश्वास नको.

विदर्भाबाहेरचे ड्रायव्हर इथेच फसतात. उन्हाळ्यात आमची साइडपट्टी सिमेंटसारखी टणक लागते. मृगाचे दोन पाऊस झाले की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भरलेल्या ट्रेलरचं चाक गुडघाभर आत घेते. वरून गवत उगवलेलं असतं, त्यामुळे कळतही नाही. पावसाळ्यात चारही महिने चाक डांबरावरच, मग मागचा कितीही हॉर्न वाजवो.

चाक उतरलंच तर झटक्यानं स्टिअरिंग वर ओढू नका. डांबराची कड टायरला अडवते, मग एकदम सोडते आणि गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या वावरात जाते. ब्रेकवर उभंही राहू नका. गॅस सोडा, सरळ धरा, वेग पार कमी होऊ द्या, काठ जिथे बुटका असेल तिथे हळू वर घ्या. आणि चाक रुतून गाडी कलली असेल तर आपल्या अकलेनं रेस करू नये. जेवढी रेस कराल तेवढी ती आत बसते. माल दुसऱ्या गाडीत घ्यायचा, मग क्रेन. भाडं जातं, गाडी वाचते.

४. गाडी पुढून चालवतात, वळवतात मागून.

ट्रेलर अठरा मीटरच्या घरात लांब असतो. घोडा, म्हणजे पुढचं इंजिन-केबिन, ज्या रेषेवरून वळतो त्या रेषेवरून मागची चाकं येत नाहीत, ती आतला कोपरा कापत येतात. चौकात डावीकडे वळताना ड्रायव्हरचं डोकं उजवीकडच्या एसटीत असतं, आणि डावीकडे ट्रेलर आणि फुटपाथच्या मधल्या मोकळ्या जागेत एखादा मोटारसायकलवाला निवांत येऊन थांबलेला असतो. त्याला वाटतं जागा आहे. वळण सुरू झालं की ती जागा उरत नाही. या एका गोष्टीनं जेवढी माणसं गेली तेवढी माझ्या मते ब्रेक फेल होऊनही गेली नसतील.

म्हणून वळणाआधी डावा आरसा, वळणात डावा आरसा, वळण पुरं होईस्तोवर डावा आरसा. क्लीनर बरोबर असेल तर त्याला खाली उतरवा. आजकाल मालक क्लीनरचा पगार वाचवतात. गावच्या रस्त्यावर चालणाऱ्या ट्रेलरला क्लीनर नसणं मला तरी गुन्हा वाटतो, कायदा काहीही म्हणो. जिनिंगच्या गेटात रिव्हर्स घेताना दोघंतिघं “येऊ द्या, येऊ द्या” करत असतील तर गाडी थांबवा. एकालाच उभं करा, तो आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की ब्रेक.

५. रपट्यावर पाणी असेल तर थांबा.

लोक म्हणतात, मोठी गाडी आहे, निघून जाईल. पाणी किती खोल ते दिसतं, खालचा रपटा जागेवर आहे की वाहून गेला ते दिसत नाही. रिकामा ट्रेलर तर भरलेल्याहून धोक्याचा, पाणी त्याला आडवा ढकलतं. पलीकडून कोणी बाइक काढली म्हणून आपण घालायची नाही. नाला तासा-दोन तासांत उतरतो. वर्धा नदीला मोठा पूर असेल तर वणीकडचा फेरा दुसऱ्या वाटेनं घ्या किंवा घरीच थांबा.

६. कापूस हलका म्हणून हलक्यात घेऊ नका.

सुटा कापूस भरताना हौद्याच्या बाहेर दोन्हीकडून पोट काढायची सवय आमच्याकडे जुनी आहे. वरून जाळी, बाजूनं बांबू. रस्ता आधीच साडेपाच मीटर, त्यात हे पोट. माल अंगाबाहेर काढला तर कायद्यात २० हजारांचा दंड आहे, पण दंडापेक्षा विजेच्या तारांची भीती धरा. गावात शिरताना तारा लोंबलेल्या असतात. कापसाच्या ढिगाला ठिणगी पुरते.

गाठीची आग तर आणखी कावेबाज. दाबलेली रुई आतल्या आत धुमसते, कित्येक तासांनी धूर दिसतो. ताडपत्रीखालून जळका वास आला की पहिलं काम गाडी वस्तीपासून, पेट्रोलपंपापासून, पऱ्हाटीच्या ढिगापासून दूर मोकळ्यात नेणं. मग घोडा सोडवणं, अग्निशमनला फोन. ताडपत्री फाडून वारा घालू नका. गाठी भरताना हौद्याजवळ बिडी ओढणाऱ्याला, मग तो शेठचा पाहुणा का असेना, हात धरून गेटाबाहेर न्या.

७. मे महिन्यात टायरची हवा पहाटे बघा.

आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काही जण ती सोडतात. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होतो, कडेनं दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. पुढच्या चाकाला रिमोल्ड कधीच नको.

८. झोपेशी भाव करू नका.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. हंगामात ही कलमं जिनिंगच्या गेटाशीच थांबायची. गाडी सकाळी लागते, भराई संध्याकाळी होते, ड्रायव्हर दिवसभर उन्हात जागा आणि मुनीम म्हणतो, “रातच्याला काढून घे भाऊ.” भराईची वाट पाहणं हेही कामच आहे, ते कोणी मोजत नाही.

एक गंमत सांगतो. ई-वे बिल दर २०० किलोमीटरला पूर्ण एक दिवस देतं. म्हणजे सरकारला घाई नाही. घाई आहे ती माणसांची. पहाटे दोन ते पाच या वेळात डोळे जड झाले की गाणी, तंबाखू, मिरची यातलं काही चालत नाही. गाडी रस्त्यापासून पूर्ण आत घ्या आणि झोपा. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. आमची उमर गेली, पोरांना तरी मिळेल. जुन्या गाड्यांवर मात्र ओला टॉवेलच.

९. जंगलात हॉर्न नको, वेग कमी.

राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात २०१८ च्या २ नोव्हेंबरला अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा सगळ्या देशाला आमच्याकडे वाघ आहेत हे कळलं. ड्रायव्हरांना आधीपासून ठाऊक होतं. वाघापेक्षा रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकराची भीती जास्त, कारण ती कळपानं येतात. एक ओलांडलं की गाडी दाबायची नाही, मागे आणखी असतात. आणि जनावर आडवं आलं तर भरलेला ट्रेलर झटक्यानं वळवू नका. सरळ राहून ब्रेक मारा. जनावराला वाचवताना ट्रेलर उलटला तर माणसं जातात.

१०. कागदांवर लांबण लावत नाही.

फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट, लायसन्स, बिल्टी, ई-वे बिल. मूळ प्रती मालकाकडे, मोबाइलमध्ये सगळ्यांच्या. तपासणीत अडकून मालकाला फोन लावण्यात अर्धा दिवस जातो.

११. हे शेवटचं ड्रायव्हरांसाठी नाही, गाववाल्यांसाठी आहे.

कापूस निघायला लागला की संध्याकाळनंतर आमच्या रस्त्यांवर बैलबंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उतरतात. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, वर काळी ताडपत्री. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपलेले असताना ट्रेलरच्या ड्रायव्हरला ती ट्रॉली पंधरा-वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, आणि भरलेली गाडी तेवढ्यात थांबत नाही. तो कितीही नेमानं चालवो, थांबत नाही. तेव्हा दिवाळीआधी ट्रॉलीच्या मागे, बंडीच्या साट्याला, दोन्ही कोपऱ्यांवर लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवून घ्या. रस्त्यात ट्रॉली पंक्चर झाली तर मागे दगड रचू नका, दगड रात्री दिसत नाहीत आणि लोक ते तसेच सोडून जातात. झाडाच्या फांद्या टाका, बॅटरी लावा, एक माणूस मागे लांब उभा करा. तूर-सोयाबीन वाळवायला डांबर वापरू नका. जिनिंगवाल्यांना आणि बाजार समितीला एवढंच म्हणणं आहे की काट्याची रांग रस्त्यावर येऊ देऊ नका, आवारात जागा करा, आणि रात्रभर थांबलेल्या ड्रायव्हरला एक नळ आणि एक संडास द्या.