चणे वाढवले तरी घोडा वाळतोच?

प्रश्न : माथेरानला पर्यटकांना फिरवणारा आमचा 14 वर्षांचा घोडा चणे-कोंडा भरपूर खाऊनही बरगड्या दाखवतो. चणे आणखी वाढवू का? – एक अश्वपालक

उत्तर : नको. घोड्याचं अंग भरतं ते चाऱ्यावर. दाणा हा वरचा खुराक. 350 किलोच्या घोड्याला रोज सुमारे 7 किलो वाळला चारा हवा, तोही थोडा थोडा, दिवसभर. एका वेळी दीड किलोहून जास्त दाणा दिलात, तर पोटशूळ किंवा खुरांचा दाह ओढवू शकतो.

मुळात दुखणं दाढांत असू शकतं. कडा धारदार झाल्या की घास नीट चघळला जात नाही. मग लिदीत अख्खे दाणे दिसतात, तोंडातून चाऱ्याचे बोळे पडतात. पशुवैद्यक कानशीने या कडा घासून देतात. लीदही तपासून घ्या, जंत असतील तर औषध त्यानुसार.

आणि सर्रा विसरू नका! चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या या रोगात ताप येत-जात राहतो, पोटाखाली नि पायांवर सूज येते, जनावर खाऊनही खंगतं. रक्त तपासून घ्या.

हे सगळं ठीक निघालं, तर रोज 50 मिली खाद्यतेलापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत 250 मिलीपर्यंत जा. घाबरू नका, पण अंग भरायला महिना-दोन महिने लागतील. तोवर फेऱ्या कमी करा.