खाऊची पुडी

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचे एक लहानसे गाव आहे. सभोवार डोंगर, पायथ्याशी भाताची खाचरे, परसात आंब्याफणसाची झाडे. कोकणातील कोणत्याही खेड्यासारखेच ते दिसते. या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. याच गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना आचार्य विनोबा म्हणून ओळखू लागले. पण घरी ते नुसते 'विन्या' होते.

विन्याचे आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ पुरुष होते. ते चांद्रायण व्रत करीत. या व्रतात चंद्राच्या कलांबरोबर आहार वाढतो आणि घटतो. शुद्ध प्रतिपदेस एक घास, द्वितीयेस दोन, असे करीत पौर्णिमेस पंधरा घास. नंतर वद्य पक्षात रोज एक घास कमी, आणि अमावास्येस कडकडीत उपवास. साऱ्या महिन्याचे घास मोजले तर ते केवळ २२५ भरतात. एवढे अवघड व्रत एकाएकी कोणाला साधेल? पण रोज एकाच घासाचा फरक असल्यामुळे शरीराला ते हळूहळू अंगवळणी पडते.

वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास राहत आणि दिवाळीला गागोद्यास येत. एका वर्षी दिवाळीच्या आधी आई रुक्मिणीबाईंनी विन्याला सांगितले, की बाबा येताना तुला खाऊ आणणार आहेत. मग काय विचारता! वडील येताच विन्या धावत पुढे गेला. त्यांनी त्याच्या हाती एक पुडी ठेवली. त्याने ती चाचपून पाहिली. पेढे किंवा लाडू असते, तर पुडी गोल लागली असती. ही तर चौकोनी. तेव्हा आत बर्फी असावी, असे त्याने अनुमान केले. कागद सोडून पाहतो, तो आत दोन पुस्तके! एक मुलांसाठी लिहिलेले रामायण आणि दुसरे तसेच महाभारत. ती घेऊन विन्या आईकडे गेला. आईचे डोळे भरून आले. वडिलांनी आणला आहे त्याहून चांगला खाऊ असूच शकत नाही, असे तिने त्याला सांगितले. विनोबांना ही गोष्ट म्हातारपणीही आठवत असे.

ज्या घरी मिठाई रोज मिळते, त्या घरच्या मुलाला पुडी चाचपून पाहण्यातली ती धडधड कळावयाची नाही. त्या काळी खेड्यात साखर जपून वापरली जाई. पाहुणा आला की त्याच्यापुढे गूळपाणी ठेवीत. पांढरीशुभ्र साखर बहुधा परदेशातून येई. मॉरिशस बेटातून येणाऱ्या साखरेला तर मराठीत 'मोरस' असे नावच पडले होते. १९०५ साली स्वदेशीची चळवळ सुरू झाली, तेव्हा परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही लोकांनी बहिष्कार घातला. साखर सोडण्याचा तो निश्चय देशासाठी होता.

आज साखर सोडावयाची, किंवा निदान कमी करावयाची, ती वेगळ्या कारणासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या एक-दशांशाहून कमी असावी; ती त्याच्याही निम्म्यावर आणता आली तर अधिक उत्तम. हे निम्मे म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आता एखाद्या मुलाचा दिवस पाहू. सकाळी आणि सायंकाळी दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा: १६ ग्रॅम. मधल्या सुटीत गोड पेयाची ३०० मिलिलिटरची बाटली: सुमारे ३० ग्रॅम. बिस्किटे, जाम आणि टोमॅटोचे सॉस अजून मोजावयाचेच आहेत. त्यांतील साखर डोळ्यांना दिसत नाही. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावी, तेव्हा ती सापडते. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना 'साखर-फलक' लावण्यास सांगितले, ते हे गणित मुलांच्या डोळ्यांसमोर राहावे म्हणून.

भात, भाकरी, पोळी यांतील पिष्ट पदार्थांचे पोटात गेल्यावर ग्लुकोज होते, आणि त्यातून शरीराला शक्ती मिळते. म्हणून शक्तीसाठी वेगळी साखर खाण्याची गरज नसते. फळातही साखर असते खरी. पण ती तंतूंसह येते आणि रक्तात सावकाश उतरते. पेयातील साखर मात्र लोंढ्यासारखी येते. ती आवरण्यासाठी जठरामागे असलेली एक ग्रंथी इन्सुलिन नावाचा रस रक्तात सोडते. या ग्रंथीचे मराठी नाव स्वादुपिंड! वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक गोड खाल्ले, की वजन वाढते, यकृतात चरबी साठते आणि इन्सुलिनचा प्रभाव उणा पडू लागतो. मधुमेहाचा जो प्रकार पूर्वी प्रौढांचाच मानला जाई, तो आता किशोरवयातही आढळू लागला आहे. दातांची गोष्ट तर त्याहून साधी आहे. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दातांचे कवच झिजवते. थोडे थोडे गोड दिवसभर चघळणे, हे एकदाच खाण्याहून दातांना अधिक घातक.

यावर कोणी म्हणेल, की ज्या महाराष्ट्रात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ज्याच्या गावोगावी ऊस डोलतो, तेथे साखर कमी खा असे कसे सांगावे? प्रश्न खोटा नाही. परंतु उसापासून आता इथेनॉल नावाचे इंधनही होते, आणि शेतकऱ्याचे पोट भरावे म्हणून त्याच्याच मुलाने दात किडवून घ्यावेत, असे कोणता शेतकरी म्हणेल? दुसरी पळवाट गुळाची. गुळात लोह आणि काही क्षार थोड्या प्रमाणात असतात. पण तोही बहुतांशी साखरच आहे. चहात साखरेऐवजी तितकाच गूळ घालून व्रत पाळल्याचे समाधान मानणे, ही स्वतःचीच फसवणूक होय.

साखर कमी करावी ती शंभुरावांच्या वद्य पक्षासारखी. चहात दोन चमचे असतील, तर पंधरा दिवस दीड, मग एक, मग अर्धा. बाटलीतील पेयाऐवजी पाणी, ताक किंवा बिनसाखरेचे कोकम-पाणी. पहिले काही दिवस जिभेला सारे फिके वाटते. काही आठवड्यांनी तीच जीभ दुधातील आणि केळ्यातील गोडी ओळखू लागते, आणि पूर्वीचा चहा अतिगोड वाटून खाली ठेवावासा वाटतो. गणेश चतुर्थीचे उकडीचे मोदक आणि होळीची पुरणपोळी यांना मात्र कोणी हात लावू नये असे नाही. सण रोज येत नाहीत.

अतिरेक मात्र बरा नव्हे. १९१६ साली विनोबा गांधीजींच्या कोचरब येथील आश्रमात गेले. जिभेच्या चोचल्यांवर ताबा ठेवणे, म्हणजे अस्वाद, हे तेथील एक व्रत होते. पुढल्या वर्षी ते अभ्यासासाठी रजा घेऊन वाईस आले. आहाराचे निरनिराळे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले. एक महिना त्यांनी केवळ केळी, दूध आणि लिंबे यांवर काढला. त्याने शक्ती कमी झाली, हे त्यांनी फेब्रुवारी १९१८ मध्ये गांधीजींना लिहिलेल्या पत्रात प्रांजळपणे कळविले. वाढत्या वयाच्या मुलांनी असे प्रयोग करू नयेत. त्यांना डाळ, भाकरी, भाजी, दूध, फळे सारे पोटभर हवे.

त्याच पत्रात विनोबांनी वाईतील आणखी एका उद्योगाची हकीकत कळविली आहे. तेथे त्यांनी एक विद्यार्थी मंडळ काढले आणि मंडळाचे वाचनालय उघडले. त्यासाठी पैसा कोठून आणावा? मंडळातील मुले जात्यावर बसून लोकांचे दळण दळू लागली. दोन शेर दळले की एक पैसा मिळे. आणि तो पैसा वाचनालयाच्या खर्चात जमा होई.