भाड्याचे घर आणि मांजराचे अंगण

प्रास्ताविक

जुन्या वाड्यात मांजर कोणा एकाचे नसे. ओटीवर निजावे, माजघरात उंदीर धरावा, कौलांवरून शेजारी जावे, असा त्याचा दिनक्रम असे. आज शहरांतील अनेक कुटुंबे चौथ्या-पाचव्या मजल्यावर, भाड्याच्या घरात राहतात. तेथे मांजर आहे. परंतु कौले नाहीत आणि अंगणही नाही. अशा घरात मांजराला मोकळी हवा सुरक्षितपणे कशी द्यावी आणि ती देताना घरमालकाचा विश्वास कसा राखावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• मांजराच्या गरजा व मोकाट फिरण्यातील धोके सांगता येतील;
• भाडेकरूची जबाबदारी स्पष्ट करता येईल;
• घरमालकास विनंतिपत्र लिहिता येईल.

१. मोकळीक म्हणजे काय?

मांजर दिवसाचा मोठा भाग झोपेत घालवते. पहाटे व तिन्हीसांजेस मात्र ते विशेष जागे असते. त्या वेळी त्याला उंचावर बसावेसे वाटते, वाऱ्याबरोबर येणारे वास हुंगावेसे वाटतात, पाखरांची हालचाल न्याहाळावीशी वाटते. हे काहीच न मिळाल्यास ते कंटाळते, स्थूल होते किंवा पडदे ओरबाडू लागते.

यावर दार उघडे टाकणे हा उपाय नव्हे. रस्त्यावर वाहने आहेत, कुत्री आहेत, इतर बोक्यांशी होणारी भांडणे आहेत. चाव्यातून रेबीजसारखा प्राणघातक रोग होऊ शकतो. शिवाय पोट भरलेले मांजरही पक्ष्यांची शिकार करतेच. म्हणून त्याला ऊन, वारा आणि दृश्य मिळेल, पण उडी मारण्यास वाट मिळणार नाही, अशी जागा करून देणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

२. उंचीचा धोका

मांजर नेहमी चार पायांवरच पडते, असा आपल्याकडे समज आहे. पडताना अंग वळवून पाय खाली आणण्याची उपजत शक्ती त्याच्या ठायी असते, हे खरे. परंतु पाय खाली आले म्हणजे इजा टळली, असे नाही. न्यूयॉर्क येथील एका पशुरुग्णालयात उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली. मात्र छातीला, जबड्याला व पायांना झालेल्या दुखापती त्यांच्यात वारंवार आढळल्या. कबुतरावर झडप घालणाऱ्या मांजराला कठड्याचे भान राहत नाही, हे गॅलरी उघडी ठेवणाऱ्याने विसरू नये.

३. घर दुसऱ्याचे, जबाबदारी आपली

महाराष्ट्रात बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. त्यात पाळीव प्राण्यांविषयी व बांधकामातील बदलांविषयी काय लिहिले आहे, ते सही करण्यापूर्वीच वाचावे. गृहनिर्माण संस्थांनी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तथापि त्या सूचना दाखवून मालकाच्या भिंतीला भोके पाडण्याचा अधिकार मिळत नाही. करार संपताना असे प्रत्येक भोक अनामत रकमेच्या हिशेबात मोजले जाते.

दुसऱ्या बाजूने, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या योगक्षेमाचे कर्तव्य सोपवितो. म्हणजे भाडेकरूला घर आणि जीव या दोन्ही ठेवी सांभाळावयाच्या असतात.

४. काढता येणारी जाळी

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी सर्वत्र मिळते. ती सहसा भिंतीत आकडे ठोकून बसवितात. भाड्याच्या घरात त्याऐवजी पुढील उपाय करता येतात :

• खिडकीला किंवा गॅलरीला लोखंडी गज असतील, तर जाळी त्यांनाच प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जागोजाग बांधावी.
• गज नसल्यास खिडकीच्या मापाची लाकडी चौकट करून तिला तारेची जाळी ठोकावी व चौकट घट्ट बसवावी.
• उघड्या गॅलरीत केवळ कठड्याएवढी जाळी पुरत नाही. मांजर तिच्यावरून उडी मारते. जाळी छतापर्यंत हवी.
• डासांची साधी जाळी नखांनी फाटते. जाळीची भोके पिल्लाचे डोके जाणार नाही इतकी लहान असावीत. कारण डोके गेले की अंगही सहसा जाते.
• आगीसारख्या संकटात बाहेर पडता यावे, म्हणून एक बाजू आतून चटकन उघडेल अशी ठेवावी.

आत पाणी, सावली आणि बसण्यास एक फळी ठेवावी. लिलीची झाडे मांजराला विषारी असतात. ती तेथे नसावीत. रेबीजची लस व नसबंदी यांविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. जाळी दर आठवड्यास तपासावी. ‘शिंक्याचे तुटले नि बोक्याचे फावले’ ही म्हण आपण हसून वापरतो. येथे मात्र एक गाठ सुटली तर बोक्याच्या जिवावर बेतते.

५. विनंतिपत्राचा नमुना

प्रति,
माननीय श्री. अ. ब. क.

विषय : गॅलरीस काढता येण्याजोगी जाळी बसविण्यास अनुमती मिळणेबाबत.

महोदय,
आपल्या घरात मी एक मांजर पाळू इच्छिते. ते गॅलरीतून पडू नये, यासाठी गजांना जाळी बांधावी, असा विचार आहे. भिंतीत एकही भोक पाडले जाणार नाही. खर्च मी करीन, गॅलरी स्वच्छ ठेवीन आणि घर सोडताना जाळी काढून गॅलरी पूर्ववत करून देईन. इमारतीच्या बाह्यरूपाविषयी संस्थेचा नियम असल्यास तिचीही अनुमती घेईन. कृपया आपली संमती लेखी कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
क्ष. य. ज्ञ.

या पत्रात मागणी एकच आहे आणि आश्वासने अनेक आहेत. मालकाच्या मनातील शंका त्याने विचारण्यापूर्वीच दूर होते. नकार आला, तर जाळी लावू नये. खिडक्या बंद ठेवून काचेशी उंच फळी मांडावी. मांजराला सवय झाल्यास छातीपट्टा बांधून त्याला शांत जागी फिरवून आणावे.

६. घर सोडताना

नवे घर शोधताना मांजराचा उल्लेख पहिल्याच भेटीत करावा. जागा मिळत नाही म्हणून जुन्या घराच्या जिन्यात मांजर सोडून जाणे निर्दय आहे. सबळ कारणाशिवाय प्राण्याला भुकेतहानेने तडफडण्याच्या स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या कायद्यान्वये अपराधही आहे. भाडेकरूचे घर बदलते. आश्रितावरची माया बदलू नये.

स्वाध्याय

१. ‘मांजर नेहमी चार पायांवर पडते’ या समजातील तथ्य व अपुरेपणा स्पष्ट करा.
२. भाडेकरूने सांभाळावयाच्या ‘दोन ठेवी’ कोणत्या?
३. पुढील शब्दांचे अर्थ लिहा : उपजत, योगक्षेम, पूर्ववत, आश्रित.
४. तुम्ही घरमालक आहात, अशी कल्पना करून वरील पत्रास सात-आठ ओळींत उत्तर लिहा.