बरड माळावर देशी बियांची पेरणी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव नागझिऱ्याच्या जंगलाजवळ वसले आहे. या भागात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही बरडी व खरडी जमिनीचे माळ दिवाळीनंतर कोरडे पडतात. उघड्या माळावर पाणी ठरत नाही. ते माती घेऊन खाली उतरते आणि गाळ तलावात साचतो. त्यामुळे माळ उजाड होतो व तलावाखालच्या भातशेतीचे पाणीही घटते. अशा माळावर रोपे लावल्यास उन्हाळ्यात त्यांना पाणी घालणे परवडत नाही. म्हणून जागेवरच देशी बी पेरणे हा कमी खर्चाचा मार्ग होय.

आधी जागा मोकळी करावी

याच जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या लोकांनी तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. माळावरही तत्त्व तेच आहे. परके तण काढावे व रिकामी झालेली जागा लगेच देशी बियांनी भरावी. घाणेरी वरून छाटल्यास पुन्हा फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवावे. रानतुळस फुलावर येण्यापूर्वीच उपटावी.

बी केव्हा गोळा करावे

सर्व बियांना एकच नियम लावणे ही नेहमी होणारी चूक आहे.

१. गवत : मारवेल व पवन्या यांचे बी दिवाळीच्या सुमारास पिकते. ते वाळवून ठेवावे व पुढील जूनमध्ये पेरावे. ताजे बी नीट उगवत नाही.

२. आवळा, बेहडा, खैर : यांचे बी हिवाळ्यात मिळते. कोरड्या जागी ठेवल्यास ते पावसाळ्यापर्यंत टिकते. पेरणीपूर्वी भिजवावे.

३. चारोळी : बियांचे कवच कठीण असते. आतील गर न दुखावता ते हलके फोडल्यास उगवण वाढते.

४. मोह : हे बी साठवणीत टिकत नाही. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. फळ पिकताच बी काढून त्याच आठवड्यात पेरावे.

बी एकाच झाडाचे न घेता, शक्य तर वीसेक निरोगी झाडांचे एकत्र करावे. अभयारण्याच्या हद्दीतून बी आणू नये.

पेरणी

उताराला आडवे, समपातळीवर उथळ चर खणावेत. चांगला पाऊस होऊन माती भिजल्यावर चराच्या मातीत झाडांचे बी २ सेंटिमीटर खोल टाकावे. गवताचे बी माती व शेणात कालवून दोन चरांमध्ये फेकावे. गवत माती धरते व त्या आधाराने झाडे वाढतात.

मोहाकडे विशेष लक्ष द्यावे

आपल्या गावातील मोहाखाली जाऊन पाहावे. जुनी झाडे उभी असतात, परंतु लहान रोपे क्वचितच दिसतात. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो व त्यात रोपे मरतात. पुढे तेलासाठी बीही वेचले जाते. आज फुले देणारी झाडे संपल्यावर पुढच्या पिढीने काय वेचावे? यासाठी पाला जाळू नये. तो झाडून काढावा, किंवा झाडाखाली जुनी लुगडी अथवा जाळी अंथरून फुले गोळा करावीत. काही झाडांचे बी दरवर्षी पेरणीसाठी राखून ठेवावे.

राखण

पहिली तीन वर्षे चराई बंद ठेवावी. गवताचे बी झडल्यावर ते कापून न्यावे, म्हणजे गुरांचा चाराही चालू राहतो. उन्हाळ्यापूर्वी कडेने जाळरेषा काढावी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत हे नियम ग्रामसभेने ठरवावेत. जो नियम गाव स्वतः करते, तो गाव पाळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एक एकराचाच तुकडा निवडावा. पावसाळ्याच्या शेवटी व पुढील जूनमध्ये, असे दोनदा शेतकऱ्यांसमक्ष रोपे मोजावीत. उन्हाळा काढून जगलेली रोपे हाच या पेरणीचा खरा हिशेब होय.