120 तास, 4 क्रेडिट: इंटर्नशिप नुसत्या शिक्क्यासाठी करू नका



समजा, वीरचा एक मुलगा आहे. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याने दोन महिने मन लावून काम केलं. मालकाकडून दाखला घेतला आणि कॉलेजात गेला. सरांनी विचारलं, "काम सुरू करण्याआधी मंजुरी घेतली होतीस का? रोजची नोंद कुठे आहे?" दोन्ही नव्हतं. काम खरं, पण क्रेडिट अडकलं.

दुसरा मुलगा एक दिवसही कामाला गेला नाही. मामाच्या दुकानाचा शिक्का मारून आणला. त्याचं कदाचित खपेलही, पण उद्या स्वतःचं दुकान टाकल्यावर तो शिक्का काही कामाचा नाही.

आपल्याला पहिल्याची मेहनत हवी आणि कागदही पक्के हवेत. कसं ते बघू.

क्रेडिटचा हिशोब

नव्या शैक्षणिक धोरणात अशा इंटर्नशिपला 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणजे ओजेटी म्हणतात. महाराष्ट्राच्या आराखड्यात पदवीच्या सहाव्या सत्रात तिला 4 क्रेडिट आहेत. एम.कॉम.सारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्टला 4 क्रेडिट आहेत. प्रत्यक्ष कामाचे 30 तास म्हणजे 1 क्रेडिट, म्हणजे एकूण 120 तास. रोज 4 तास धरले तर 30 दिवस, 6 तास धरले तर 20 दिवस.

महाड-पोलादपूरची पदवी कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. संलग्न कॉलेजांत पदवीला हे धोरण 2024-25 पासून आलं. त्या वर्षी एफ.वाय.ला बसलेल्यांचं सहावं सत्र 2026-27 मध्ये येतं. तयारी आत्तापासून करा.

काम सुरू करण्याआधी

1. कॉलेजातले मार्गदर्शक शिक्षक कोण, ते विचारा. त्यांची मंजुरी लेखी घ्या.
2. दुकान किंवा कारखान्याच्या नोंदणीचा पुरावा मागितला जाऊ शकतो. शॉप ॲक्टची नोंद किंवा उद्यम प्रमाणपत्र आहे का, मालकांना आधीच विचारा. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका.
3. काय शिकणार, ते एका कागदावर लिहून मालक आणि शिक्षक दोघांना दाखवा.
4. डिजिलॉकरमधून 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चं खातं उघडा. क्रेडिट तिथे जमा होतात. आधारवरचं आणि कॉलेजातलं नाव जुळतंय ना, तेही आधी तपासा.

घरचंच दुकान असेल तर? चालेल का, ते शिक्षकांना विचारा. चालत असेल तरी मी म्हणेन, दुसरीकडे जा. घरी चुकीवर पांघरूण पडतं, बाहेर चूक लगेच दाखवली जाते.

120 तास कसे वापराल?

- पहिले 20 तास: माल मोजा. कुठून येतो, किती दिवस पडून राहतो, बघा.
- पुढचे 40 तास: खरेदी, बिल आणि गिऱ्हाईक. भाव कमी करा म्हणणाऱ्याशी मालक कसे बोलतात, ते ऐका.
- पुढचे 40 तास: एकच प्रश्न घेऊन त्याच्या मागे लागा. उधारीच घ्या. कोणाकडे किती, किती दिवसांची? किंवा शिमग्याला चाकरमानी गावी येतात, तेव्हा काय संपतं आणि काय उरतं?
- शेवटचे 20 तास: अहवाल लिहा आणि मालकांना वाचून दाखवा. "हे मला माहीतच नव्हतं" असं ते म्हणाले, तर तुमचं शिक्षण झालं समजा.

रोज जाताना वहीत तारीख, वेळ, केलेलं काम आणि शिकलेली एक गोष्ट लिहा. मालकांची सही त्याच दिवशी घ्या. महिन्याच्या शेवटी एकदम घेतलेल्या तीस सह्या कोणालाही कळतात, सगळ्यांची शाई एकच असते!

तुमचा स्वतःचा धंदा सुरू झाला असेल तर

ओजेटीची मुलं म्हणजे फुकटचा हमाल नव्हे. मुलाला नुसतं गोण्या उचलायला लावलं, तर दाखल्यावर काय लिहाल? एक ठरलेलं काम द्या. साठ्याची यादी किंवा उधारीची वही नीट लावून घ्या. त्याचे तास भरतात, तुमची वही सुधारते.

मित्रांनो, धंद्यात पहिल्या वर्षी चुका होतातच आणि प्रत्येक चुकीला आपल्या खिशातले पैसे जातात. हे 120 तास म्हणजे दुसऱ्याच्या भांडवलावर धंदा जवळून बघायची संधी. वर क्रेडिटही मिळतात. ती शिक्क्यावर घालवू नका.

आजचा गृहपाठ: आपल्या गावातली तीन दुकानं किंवा कारखाने लिहून काढा. प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा: इथे मला काय शिकायचंय? ज्याच्यासमोर ओळ सहज सुचली, तिथे उद्या जाऊन भेटा.